पांढऱ्या रंगाखालची खूण

ती घटना आठवते असे म्हणण्यापेक्षा ती विसरता आली नाही, असे म्हणणे खरे ठरेल. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, घरफोड्यांची तर गणतीच नाही. त्यातले निम्मे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. कुठला आरोपी कुठल्या गुन्ह्यातला, हे मलाच सांगता येणार नाही. हे एक प्रकरण मात्र तसेच्या तसे डोळ्यांपुढे उभे राहते. यात रक्ताचा थेंब नाही, पाठलाग नाही आणि माझ्या मर्दुमकीचा तर प्रश्नच नाही. शिरस्त्याप्रमाणे यात कोणाचेही नाव घेणार नाही. त्या शिरस्त्याबद्दल शेवटी थोडे बोलायचे आहे.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडे मी मुंबई पोलिसांतून तीन वर्षांच्या प्रतिनियुक्तीवर कुवेतला, आपल्या वकिलातीत सुरक्षेच्या कामावर होतो. नातेवाइकांना वाटे, मी तिकडे सोन्याच्या विटांवर बसलो आहे. प्रत्यक्षात मी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून फाटकावरची नोंदवही तपासत असे. गुडघे तेव्हाच कुरकुरायला लागले होते. बायको दोन महिने राहून, उन्हाला हात जोडून परत गेली होती. अधिकार म्हणाल तर शून्य. परक्या देशात आपला पोलीस म्हणजे इस्त्रीचे कपडे घातलेला साधा माणूस.

पण मला मराठी येत होती आणि मी पोलीस होतो. म्हणून आणखी एक काम आपोआप माझ्या गळ्यात पडले. एखाद्या मखफरमध्ये, म्हणजे तिथल्या पोलीस ठाण्यात, मराठी माणूस अडकला आणि त्याला धड हिंदी किंवा अरबी येत नसली, की मला फोन यायचा. मी जायचो, विचारायचो, उत्तर सांगायचो, कागदावर दुभाषा म्हणून सही करायचो. बहुतेक प्रकरणे एका साच्यातली. कफिलाकडून, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा असतो त्या मालकाकडून पळालेला, दारू गाळताना सापडलेला, खोलीत मारामारी केलेला. पहिल्या वर्षी मी प्रत्येकाची कहाणी मन लावून ऐकली. दुसऱ्या वर्षापासून कहाणी सुरू झाली की मी शेवट ओळखू लागलो. हा आमच्या धंद्यातला आजार आहे आणि आपल्याला तो जडला आहे हे कळत नाही.

हिवाळ्यातल्या एका बुधवारी सकाळी जलीब भागातल्या ठाण्यातून नकिबाचा फोन आला. नकीब म्हणजे आपल्याकडच्या इन्स्पेक्टरच्या तोडीचा अधिकारी. तरुण, शांत आणि कागदाला पक्का. "तुमचा एक माणूस आहे," तो म्हणाला. "या वेळी चित्राची भानगड आहे."

मुद्देमालाच्या खोलीत ते चित्र भिंतीला टेकवून ठेवले होते. माझ्यापेक्षा हातभर उंच, रुंदीलाही तेवढेच. लाकडी चौकटीवर ताणलेले कापड, वर पांढरा रंग आणि डाव्या अर्ध्या भागात एक सावली. फक्त सावली. उभ्या असलेल्या बाईची, फिकट करडी, कडेला विरत गेलेली. ती इतकी खरी होती की मी मागे वळून पाहिले, कोण आले म्हणून. मागे कोणी नव्हते. उजवा अर्धा भाग कोरा पांढरा होता, पण तो पांढरा वेगळा, जाडसर, किंचित निळसर. कोणीतरी अर्ध्या चित्रावर रंग फासला होता, हे मलाही कळले.

खबर देणारा होता सालमियातला एक चित्रविक्रेता. त्याचा जबाब आदल्या दिवशीच नोंदवला होता. तो स्वतःही तिथे बसला होता आणि हळहळत होता. महायुद्धानंतरच्या काळातला जपानमधला एक मोठा चित्रकार आहे, त्याने सांगितले. तो माणूस काढत नाही, वस्तू काढत नाही, फक्त त्यांच्या सावल्या काढतो. भिंतीवर पडावी तशी सावली, आणि ज्याची सावली तो गायब. मला हा प्रकार अजबच वाटला. पण या एका चित्राच्या किमतीत चांगला बंगला येईल, असे ऐकल्यावर मी त्याच्याकडे जरा आदराने पाहिले.

या विक्रेत्याने फुकट वाटल्या जाणाऱ्या जाहिरातींच्या पानात वाचले होते, 'जपानी चित्र, सावलीचे, विकणे आहे.' खाली जलीबमधल्या एका खोलीचा पत्ता. गंमत म्हणून तो गेला. सहा जणांच्या खोलीत, लोखंडी खाटांच्या मागे हे चित्र. त्याने किंमत सांगितली. ज्याच्या खाटेमागे ते चित्र होते, तो माणूस नाही म्हणाला. त्याने किंमत वाढवली. तो माणूस पुन्हा नाही म्हणाला आणि त्याने विक्रेत्याला चहा पाजून वाटेला लावले. कामगाराच्या खोलीत एवढी वस्तू, आणि हा भाव वाढवून मागतो आहे, असे समजून विक्रेता थेट ठाण्यावर आला. नकिबाने नव्वद साली इराकने केलेल्या आक्रमणात लुटल्या गेलेल्या वस्तूंच्या याद्या काढल्या. त्यात एका घराच्या नावापुढे एक ओळ होती : मोठे पांढरे चित्र, सावली, जपान. त्या घरच्या मुलाला फोन झाला. तो संतापला. आक्रमणाच्या धक्क्यातच त्याचे वडील वारले होते. चोराला सोडू नका, म्हणाला.

मग आरोपीला आणले. पन्नाशी ओलांडलेला, किडकिडीत, नखांच्या कडेला रंग बसलेला माणूस. सिंधुदुर्गातला. धंदा रंगाऱ्याचा. त्याला मी रंगारीच म्हणेन. मी त्याला 'काय रे, कुठला तू?' असे विचारले. पोलिसाची जीभ. वयाने तो माझ्याहून मोठाच असेल.

"सायबानू, मी चोर नाय," हे त्याचे पहिले वाक्य. सगळ्यांचे पहिले वाक्य हेच असते.

"चित्र तुझ्या खोलीत सापडले की नाही?"

"व्हय."

"तुझे आहे?"

"नाय. ता माझ्या जुन्या मालकाचा."

"मालकाने दिले?"

"नाय. मीच काढून ठेवलंय."

मी नकिबाकडे पाहिले. यापुढे विचारण्यासारखे काही उरले नव्हते, असे मला वाटले. तरी रीत म्हणून विचारत गेलो. त्याने सांगितले ते असे. आक्रमणाच्या आधी सहा वर्षे तो त्या घरात कामाला होता. रंगकाम, सुतारकाम, पडेल ते. त्या ऑगस्टमध्ये मालक मंडळी दरवर्षीप्रमाणे सुट्टीला परदेशी गेली होती. घरात हा आणि एक स्वयंपाकी. सैनिक घरोघर शिरून वस्तू ट्रकमध्ये भरू लागले. तेव्हा त्याने हे चित्र वाचवायचे म्हणून पांढरे रंगवले, मागून प्लाय ठोकला आणि गच्चीवरच्या नोकरांच्या खोलीत पार्टिशन म्हणून उभे केले. सैनिकांनी टीव्ही नेला, गालिचे नेले, पार्टिशनकडे पाहिलेही नाही. मग हा हजारो लोकांबरोबर बसने जॉर्डनला आणि तिथून विमानाने मुंबईला गेला. पासपोर्ट मालकाच्या कपाटात राहिला, बताका, म्हणजे ओळखपत्र, वाटेत गेले. गावी पोचला तो अंगावरच्या कपड्यांनिशी.

"आणि आता तुझ्याकडे कसे आले?"

पाच-सहा वर्षांनी तो दुसऱ्या कंपनीच्या कंत्राटावर परत आला होता. जुने घर पाडून तिथे इमारत झाली होती. मालकाचे पुरते नाव त्याला ठाऊक नव्हते. सहा वर्षे तो त्यांना 'बाबा' आणि बाईंना 'मामा' म्हणत होता, तिकडे घरकामाची माणसे म्हणतात तसे. मग एके दिवशी अब्बासियातल्या एका खोलीला रंग द्यायला गेला असता तिथल्या पार्टिशनवर त्याला स्वतःच्या हाताने दिलेला तो पांढरा रंग दिसला. पाडलेल्या घराचे लाकूड भंगारात आले होते आणि भंगारातून त्या खोलीत. त्यावर कॅलेंडर टांगले होते. त्याने खोलीवाल्यांना नवे प्लाय लावून दिले आणि जुने उचलून आणले.

मी हे सगळे नकिबाला इंग्रजीत सांगितले. सांगताना माझ्याच आवाजात अविश्वास होता आणि तो लपवायचे कष्ट मी घेतले नाहीत. नकिबाने एकच प्रश्न केला, आणि तो रास्त होता. "मालकाला परत द्यायचे होते, तर विकायला का काढले?"

मी विचारले. रंगाऱ्याने नखाच्या कडेचा रंग खरवडला. मग म्हणाला, "मालक सापडूचो म्हणान."

मी कपाळावर हात मारला. आठवड्यातले ते माझे तिसरे प्रकरण होते, गुडघा ठणकत होता, बाराच्या आत मला फाटकावर परतायचे होते. मी खुर्ची पुढे ओढली आणि गेली दोन वर्षे जे सगळ्यांना सांगत आलो होतो तेच त्याला सांगितले. "हे बघ, ही गोष्ट कोणी ऐकणार नाही. भांडत बसलास तर खटला चालेल, वर्षभर आत राहशील. कबूल कर. मोह झाला, चूक झाली, माफ करा, असे लिहून दे. चित्र मिळाले आहे, मालक तक्रार मागे घेईल. आठ दिवसांत सुटशील."

"पण मी केलंय नाय, सायबानू. मागल्या टायमाक लढाईतसून रिकाम्या हातान घराक गेलंय. आता चोर होवन जांव?"

"कागदावर लिहिले म्हणून कोणी चोर होत नाही," मी म्हणालो. तीस वर्षे पोलिसात काढलेला माणूस हे वाक्य बोलला, याची मला आज लाज वाटते.

वाक्ये मी तयार केली, नकिबाने अरबीत लिहून घेतली. रंगाऱ्याने सही केली. उठताना म्हणाला, "चित्र पुसूक देव नकात हां कोणाक." मला वाटले, धक्क्याने बडबडतो आहे.

शुक्रवारी तिकडे सुट्टी. सकाळी चहा घेऊन मी प्रकरणाची एक प्रत वकिलातीच्या फाइलसाठी तयार करायला बसलो. विक्रेत्याच्या जबाबाचा इंग्रजी तर्जुमा परत वाचला. ठाण्यात मी तो वरवर चाळला होता. त्यात एक ओळ होती : 'किंमत सांगितल्यावर त्याने मला विचारले, चित्रात कोण कोण आहे. मी म्हणालो, एक बाई आहे. त्यावर तो म्हणाला, मग तुम्ही जा.'

विकणारा माणूस गिऱ्हाइकाला असे विचारतो का? भाव वाढवायचा असेल तर भावाबद्दल बोलेल. आणि 'कोण कोण' म्हणजे काय? चहा तसाच ठेवून मी टॅक्सी केली आणि जलीबला गेलो.

खोलीत पाच जण होते. एक भात ओतत होता, कालवणाचा वास सुटला होता. मला बघून सगळे उभे राहिले. त्यातला सगळ्यात वयस्कर, कणकवलीकडचा सुतार, तेवढा बसून राहिला. बोललाही तोच.

"धा-बारा माणसा येवन गेली, सायबानू. सगळ्यांका तेना च्या दिल्यान नि सगळ्यांका परत धाडल्यान. तो इकी नाय होतो. धनी सोधी होतो."

"मग विकणे आहे, असे का छापले?"

"जायराती लिवन देणाऱ्या टायपिंगवाल्याक सांगल्यान, धनी होयो, धनी पायजे असा छापा. टायपिंगवालो म्हणालो, पेपरात दोनच रकाने. खोली भाड्याक, नायतर वस्तू इकूक. धनी होयो, असो रकानो नाय. मग ह्यो म्हणालो, घाल इकूक. चित्र धन्याच्या नजरेक पडला तर तो येतलोच."

"पोलिसांकडे का नाही गेला?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. भात ओतणाऱ्याने पातेले खाली ठेवले. माझ्या लक्षात आले की उत्तर त्यांच्यासमोर उभे होते.

"आणि तो प्रश्न? चित्रात कोण कोण आहे?"

सुतार हसला. "तुमी घाटावरचे काय? आमच्याकडे कोणाचा ढोर चुकान दुसऱ्याच्या गोठ्यात गेला, तर तो बांधून ठेयता. मग जो कोण माझा म्हणान येयत, तेका आधी इचारता, खूण काय? शिंग मोडलेला, कानाक भोक, पोटाखाली पांढरा, काय ता सांग. ढोर दाखवणा नाय. खूण सांगलंस, घेवन जा. नाय सांगलंस, च्या पी नि जा."

"मग या चित्राची खूण काय?"

"ती तेकाच ठाऊक. म्हणान तर तेना अर्धाच पुसल्यान."

मी तिथेच खाटेवर बसलो. अर्धे चित्र त्याने खराब केले, हा त्याच्यावरचा आणखी एक ठपका म्हणून नकिबाने नोंदवला होता आणि त्याचे भाषांतर मी केले होते.

शनिवारी कोठडीत जाऊन मी त्याला विचारले, पांढऱ्याखाली काय आहे? त्याने मान हलवली.

"सांगूचंय नाय."

"अरे, तुझ्याच भल्यासाठी विचारतो आहे."

"तुमका सांगलंय तर तुमी नकिबाक सांगशात. नकीब तेंका सांगतलो. मग खूण रवली खय?"

मला राग आला. क्षणभरच. मग लक्षात आले की हवालदारांच्या वर्गात मी जे शिकवत आलो तेच हा मला शिकवतो आहे. सापडलेल्या वस्तूवर हक्क सांगणाऱ्याला आधी वस्तू दाखवू नका, खूण विचारा. मी त्याला एवढेच विचारले की तो रंग कसला आहे.

हे मात्र त्याने आनंदाने सांगितले. गावच्या जत्रेत नाटक होते, त्याचे पडदे तो लहानपणापासून रंगवत असे. दरवर्षी नवे कापड कोण आणणार? म्हणून जुना देखावा धुऊन त्यावर नवा काढायचा. त्यासाठी खडूची भुकटी भाताच्या पेजेत कालवायची आणि कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालायचा. सुकला की अगदी भिंतीसारखा दिसतो, कोमट पाण्याने पुसला की निघून जातो. खालच्या तेलरंगाला धक्का लागत नाही. म्हणून ती निळसर झाक. "दुसऱ्याच्या कामार कायमचो रंग मारूचो नसता, सायबानू."

नकिबाला मी विनंती केली की घरच्या बाईंना स्वतः बोलवा. मुलगा त्या काळात शिकायला परदेशी असे, घर बाईंचे होते. आणि त्या चित्र बघेपर्यंत कोणी चकार शब्द बोलू नका. नकिबाने विचारले, "कबुली तर झाली आहे. मग कशाला?" मी म्हणालो, मला शंका आहे. ती कबुली मी तयार केली होती, हे मी म्हणालो नाही.

बाई दोन दिवसांनी आल्या. सत्तरीच्या पुढच्या, काळ्या अबायात, मुलाच्या हाताचा आधार घेतलेल्या. तेल निघण्याच्या आधीच्या काळात तिकडच्या व्यापाऱ्यांच्या मुंबईत पेढ्या असत. या बाईंचे बालपण मुंबईत गेले होते आणि हिंदी अजून जिभेवर होती. मुद्देमालाच्या खोलीत आम्ही सगळे भिंतीला लागून उभे. दाराशी शिपायाबरोबर रंगारी. बाई चित्रासमोर थांबल्या. खूप वेळ बघत राहिल्या. मग त्यांचा आवाज चढला.

"ये मेरा है. लेकिन बच्चा किधर गया? इसका हाथ पकडा हुआ बच्चा था. किसने निकाला?"

माझ्या मागे काहीतरी हलले म्हणून वळून पाहिले. रंगारी उकिडवा बसला होता आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकले होते. मग उठून त्याने कोणाला न विचारता शिपायाला खुणेने सांगितले, पाणी. बालदीभर कोमट पाणी आणि मऊ फडका आला. नकिबाने मान डोलावली. रंगाऱ्याने वरून खाली, हलक्या हाताने पुसायला सुरुवात केली. पांढरे ओघळ फरशीवर आले, पेजेचा आंबूस वास सुटला. आधी एक छोटा हात दिसला, बाईच्या सावलीने धरलेला. मग डोके, मग खांदे. चार-पाच वर्षांच्या मुलाची सावली.

बाई पुढे झाल्या आणि त्यांनी त्या सावलीच्या डोक्यावर हात ठेवला. "हमारा सब बच्चा लोग इसके बाजू में खडा होके अपना ऊंचाई देखता था," असे त्या आपल्या लेकालाही हिंदीतच सांगू लागल्या, जणू त्याला ठाऊकच नव्हते. मग रंगाऱ्याकडे निरखून बघत म्हणाल्या, "तू वो पेंटर है. तू मर गया, ऐसा हमको बोला था." तो म्हणाला, "नहीं मामा." एवढेच. नकिबाने टोपी काढली आणि परत घातली. माझे डोळे भरून आले होते, ते मी रुमालाने टिपले आणि खडूची धूळ गेली म्हणून सांगितले.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती चारचौघांत मिरवली असती.

कबुलीचा कागद फाइलमध्ये लागला होता. लागलेला कागद निघत नाही, त्यावर दुसरा कागद चढतो. हे जगातल्या सगळ्या पोलिसांना ठाऊक आहे. नकिबाने मला बाजूला घेऊन विचारले, "याने चोरी केली नाही, तर कबुली का दिली?" त्याला खरोखरच कळत नव्हते. त्याच वेळी मी सांगायला हवे होते की मी त्याला तसे सांगितले. मग माझा जबाब झाला असता, तो फाइलला लागला असता आणि वकिलातीतून मुंबईला पत्र गेले असते. माझ्या बढतीचे कागद तेव्हा वर होते. मी म्हणालो, "घाबरला असेल."

दुसरा कागद असा झाला : आरोपीने चोरी कबूल केली, मालकिणीने क्षमा केली, प्रकरण बंद. रंगाऱ्याने मला तो मराठीत वाचून दाखवायला लावला. मी वाचला.

"माफी?" तो म्हणाला. "माफी कित्याक, सायबानू? मी केलंय काय?"

"सुटलास ना. झाले तर मग."

बाईंनी त्याला पुन्हा घरी कामाला बोलावले. त्याने नाही म्हटले. कंत्राट संपल्यावर, चार महिन्यांनी, गावी जाण्याआधी तो वकिलातीत मला भेटायला आला. इस्त्री केलेला शर्ट, हातात प्लास्टिकची पिशवी. फाटकावर त्याने स्वतःचे नाव नोंदवले. बसला. मी चहा मागवला. त्याने सरळ विचारले, "तुमी लिवन देशात काय? तुमीच माका सांगल्यात, म्हणान मी सही केलंय, असा?"

मी म्हणालो, बघू. प्रक्रिया असते, वेळ लागतो. तो मान हलवत राहिला. चहा संपवला, कप स्वतः उचलून कडेला ठेवला आणि गेला. त्याने आपल्या खोलीत आलेल्या दहा-बारा गिऱ्हाइकांना चहा पाजून वाटेला लावले होते. मीही त्याच्या बाबतीत तेच केले, हे तो फाटकाबाहेर गेल्यावर माझ्या लक्षात आले. तरी मी उठलो नाही.

बढती मिळाली. निवृत्त झालो. काही वर्षांनी एका लग्नात त्याच्या तालुक्यातला एक शिक्षक भेटला. मी सहज विषय काढला. तो चटकन म्हणाला, "तो होय! कुवेतात चोरीत सापडलेला. कबूल केलेनी, म्हणून मालकाने सोडलेनी म्हणे." आणि वाढप्याकडून आणखी एक जिलबी घेतली. जत्रेच्या नाटकाचे पडदे आता दुसराच कोणी रंगवतो, हेही त्यानेच सांगितले. माझ्या ताटातले मला संपवता आले नाही.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे विचाराल तर फारसे नवे काही नाही. माणूस समोर असतो आणि आपण त्याची सावली वाचत बसतो, कारण सावली एका नजरेत वाचून होते. गुन्हेगारांनी मला क्वचित फसवले. माझ्या कंटाळ्याने मात्र अनेकदा फसवले असणार, आणि त्यातले फक्त हे एक मला कळले आहे. बाकीच्यांना माझ्याकडे येऊन चहा पिण्याचीही संधी मिळाली नसेल.

आता त्या शिरस्त्याबद्दल. अशा लेखनात नावे घेत नाहीत, म्हणून त्याचे नाव इथेही लिहीत नाही. पण नावाशिवाय हा लेख त्याच्या काय उपयोगाचा? म्हणून त्याच्याच रीतीने जातो. सिंधुदुर्गातला एक रंगारी. कुवेतहून दोनदा परत आलेला, पहिल्यांदा अंगावरच्या कपड्यांनिशी. जत्रेच्या नाटकाचे पडदे खडू आणि पेजेने रंगवणारा, त्यात चिमूटभर मोरचूद घालणारा. दुसऱ्याच्या कामावर कायमचा रंग न मारणारा. ज्यांना खूण पटली असेल त्यांनी या वर्षी पडदा त्याच्याकडे द्यावा, हात चालत असले तर. त्याने चोरी केली नव्हती. त्या कागदावर सही त्याची आहे. शब्द माझे आहेत.